मधून दुमडलेला कागद

पुडीवाले महाराज,

'सप्रेम नमस्कार' लिहायला हात धजत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. देवळीच्या आठवडी बाजारात तुमचं टेबल लागतं. मागे फलक असतो : 'मुतखडा, पित्ताचा खडा. बिना ऑपरेशन. गॅरंटीने पाडून मिळेल.' टेबलावर काचेच्या बरण्यांत लोकांचे पडलेले खडे आणि त्यांच्या शेजारी प्लास्टिकमध्ये बंद केलेले सोनोग्राफीचे रिपोर्ट. त्या रिपोर्टांच्या रांगेत डावीकडून तिसरा कागद माझ्या मोठ्या आईचा आहे.

मी याच गावात वैदकी करतो. माझे वडीलही वैद्य होते. आमच्या ओट्यावर कुळथी भिजत घातलेली असायची आणि कोपऱ्यात वायवर्णाच्या सालीचं पोतं. तेव्हा हे पत्र आयुर्वेद न मानणाऱ्या माणसाचं आहे असं समजून बाजूला टाकू नका. ज्या शास्त्राचं नाव तुम्ही फलकावर लिहिता, त्यावर माझ्या घराची दोन पिढ्यांची चूल पेटली आहे. राग त्याचाच आहे.

आधी तो कागद. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ठरलेला क्रम असतो. वर नाव, वय, तारीख. मग यकृत, पित्ताशय, पित्तनलिका, स्वादुपिंड, प्लीहा आणि त्यानंतर मूत्रपिंडं. तुमच्या टेबलावरच्या कागदावर मोठ्या आईचं नाव आहे, तारीख आहे आणि त्याखाली थेट मूत्रपिंडं : 'खडा दिसत नाही.' कागद मला आखूड वाटला म्हणून वाकून पाहिलं. मधोमध आडवी घडी होती. यकृतापासून प्लीहेपर्यंतच्या सगळ्या ओळी आत दुमडून, वरून प्लास्टिक चिकटवलेलं. त्या घडीत एक ओळ आहे, मला पाठ आहे : पित्ताशयात अनेक खडे, सर्वांत मोठा ११ मिलिमीटर.

ही घडी चुकून पडत नाही, महाराज. ती घालायला माणसाला आधी रिपोर्ट वाचावा लागतो, कुठली ओळ आपल्या विरुद्ध आहे ते कळावं लागतं. तुम्ही अडाणी असता तर मी तुम्हाला हे पत्र लिहिलंच नसतं.

मोठ्या आईचं दुखणं डिसेंबरात सुरू झालं, कापूस वेचणीच्या दिवसांत. आपल्याकडच्या बायांचं पाणी पिणं तुम्हीही पाहिलं असेल. सकाळी निघताना एक पेला चहा, मग दुपारच्या भाकरीपर्यंत काही नाही. वावरात आडोसा नसतो, लघवीला जायचं म्हणजे पार धुऱ्यापर्यंत जायचं, सोबत्यांची ओळ पुढे निघून जाते. त्यापेक्षा पाणीच प्यायचं नाही, असा हिशेब. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, तेव्हाही पऱ्हाट्या उपटायला गेलेल्या बाया हाच हिशेब करतात. लघवी घट्ट होते, त्यातला क्षार साका धरतो आणि खडा बनतो. सुश्रुतांनी हेच सांगताना माठाचा दाखला दिला आहे : नव्या माठात स्वच्छ पाणी भरून ठेवलं तरी काही काळानं तळाशी गाळ बसतोच, तसाच मूत्राशयात खडा जमतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला मी औषधाआधी पाण्याचं सांगतो. दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी व्हावी इतकं पाणी, जेवणात मीठ कमी, लिंबू रोज. हे सांगायला पैसे पडत नाहीत, म्हणून तुमच्या फलकावर ते नाही.

मोठ्या आईच्या पहिल्या सोनोग्राफीत दोन गोष्टी निघाल्या. डाव्या मूत्रनलिकेत खाली ४ मिलिमीटरचा खडा आणि पित्ताशयात ते अनेक खडे. कळ मूत्रनलिकेतल्या खड्याची होती. पाठीपासून जांघेकडे येणारी, माणसाला धड बसू न देणारी. मी तेव्हा तिला म्हटलं, मुतखडा लहान आहे, तो आपण पाडू, पण पित्ताशयाचं सर्जनला दाखवून ठेवू. 'सर्जन' शब्द ऐकला आणि ती गप्प झाली. पुढच्या बाजारी ती तुमच्याकडे आली. माझ्याकडे येणं तिनं बंद केलं, मी रागावेन म्हणून.

तुमची पुडी घेतल्यावर तीन आठवड्यांत खडा पडला. जानेवारीतल्या सोनोग्राफीत तो नव्हता. हाच तो तुमच्या टेबलावरचा रिपोर्ट. आता खरं सांगतो, तुमच्या गिऱ्हाइकांनाही सांगा : पाच मिलिमीटरच्या आतले खडे तीनांत दोन वेळा आपले आपणच पडतात, काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत. पाणी वाढवलं की बहुतेकांचं काम होतं. माझ्या काढ्यानं पडलेल्या खड्यांतही निम्म्याहून जास्त श्रेय निसर्गाचं आहे, हे मी रोग्याला तोंडावर सांगतो. गोखरू, पुनर्नवा, वायवर्ण, पाषाणभेद, कुळथी ही औषधं मी आजही देतो. मेंढीच्या दुधातून गोखरूचं चूर्ण सात दिवस घ्यावं, असा पाठ ग्रंथात आहे. प्रयोगशाळेत या वनस्पतींचे अर्क स्फटिकांची वाढ रोखताना दिसले आहेत. माणसांवरच्या मोठ्या चाचण्या मात्र अजून थोड्याच झाल्या आहेत. पाषाणभेदाचं तर नावच एक, झाडं अनेक : हिमालयातली वनस्पती वेगळी, बंगालकडे पानफुटीला ते नाव, दक्षिणेत आणखी तिसरीला. तुमच्या पुडीत यातलं काय आहे, कुणाला माहीत? पुडीवर नाव नाही, परवाना क्रमांक नाही, घटक नाहीत, तारीख नाही. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेलं राखी रंगाचं चूर्ण. एका तासात कळ थांबते, असं लोक कौतुकानं सांगतात. एका तासात कळ थांबवणारी झाडपाला-पुडी माझ्या वडिलांनी कधी पाहिली नव्हती, मीही नाही. तिच्यात दुखणं मारणारी गोळी कुटून घातली असेल तर ती मूत्रपिंडालाच इजा करते. नसेल तर घटक लिहून द्यायला तुमचं काय जातं?

इथपर्यंत एक वेळ सोडून दिलं असतं. पुढचं सोडवत नाही.

मुतखडा पडला म्हणून मोठ्या आईचा तुमच्यावर जीव जडला. तेव्हा तुम्ही तिला सांगितलंत, आता त्याच पुडीनं पित्ताचा खडा पाडू, फक्त कोर्स वाढवावा लागेल. गोखरू लघवी वाढवतो, महाराज. पित्ताशयातून लघवी वाहत नाही. मूत्रपिंडाचा रस्ता आणि पित्ताचा रस्ता पोटात कुठेही एकमेकांना मिळत नाहीत. मुतखडा बहुतेक क्षारांचा असतो, पित्ताशयातले खडे पुष्कळदा कोलेस्टेरॉलचे. एकाला लागू पडलेली पुडी दुसऱ्याला देणं म्हणजे विहिरीतला गाळ काढायला छपरावर चढणं. मराठीत दोघांनाही 'खडा' म्हणतात, एवढ्याच साम्यावर तुम्ही दुकान थाटलंत.

तुमच्या फलकावर 'पित्ताश्मरीवर ऋषिमुनींचं औषध' असंही लिहिलं आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला तिसरा अध्याय उघडा. अश्मरी म्हणजे खडा, ती चार प्रकारांची सांगितली आहे : कफाची, पित्ताची, वाताची आणि शुक्राची. त्या सगळ्या मूत्रमार्गातल्या. पित्ताश्मरी म्हणजे तांबूस-पिवळसर किंवा काळी, बिब्ब्याच्या बीसारखी. वाताची सावळी, खडबडीत, कदंबाच्या फुलासारखी काटेरी. इतकं बारीक पाहिलं होतं त्या माणसांनी. ती पित्ताश्मरी पित्ताशयात नव्हतीच, ती लघवीच्या वाटेवरची होती. नावातला 'पित्त' शब्द पाहून तुम्ही तिला उचलून यकृताखाली नेऊन ठेवलंत.

आणि त्याच सुश्रुतांनी औषध कुठे थांबतं तेही सांगून ठेवलं आहे. अश्मरी नवी, कोवळी असेल तर औषधानं साध्य, वाढली की शस्त्र. ती शस्त्रक्रिया किती जिवावरची आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. केली नाही तर मृत्यू ठरलेला, केली तर शंका, म्हणून राजाची परवानगी घेऊन मगच करावी, असा दंडक घालून दिला. आठ महारोगांत त्यांनी अश्मरी मोजली. भूल नाही, रक्त देण्याची सोय नाही, अशा काळातला वैद्य 'इथून पुढे माझं औषध चालत नाही' असं म्हणायला कचरला नाही. तुम्हाला ते एक वाक्य बोलता आलं नाही, कारण त्या वाक्याला गिऱ्हाईक नाही.

सात कोर्स झाले. एकवीस दिवसांचा एक, बाराशे रुपयांचा. आठ हजार चारशे रुपये, त्यात तुरीचे पैसे आणि नातीच्या शाळेसाठी बाजूला ठेवलेले. मे महिन्यात तुम्ही तिला शेवटचा उपाय दिलात : चार दिवस सफरचंदाचा रस, मग रात्री मेडिकलमधून आणलेलं ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस एकत्र, पेल्यानं. दुसऱ्या दिवशी तिला संडासावाटे हिरवे गोळे पडले, वाटाण्याएवढे, काही बोराएवढे. ती हरखली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिनं ते धुऊन डबीत भरले आणि फ्रीजमध्ये ठेवले, पुढच्या बाजारी तुम्हाला दाखवायला.

ती डबी मी नंतर उघडली. एक गोळा दोन बोटांत धरला. साबणाच्या उरलेल्या तुकड्यासारखा मऊ, थोडा दाबला तर बोटाला चिकटला. स्टीलच्या ताटलीत घालून तो मी अंगणात कडुलिंबाच्या सावलीत ठेवला. ऊन नाही, नुसती मे महिन्याची दुपार. चहा होईस्तोवर गोळ्याचा आकार गेला आणि थोड्या वेळानं ताटलीत हिरवट तेलाचा ओघळ तेवढा उरला. फ्रीजमध्येच का ठेवायला सांगता, ते तेव्हा कळलं.

न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी हेच २००५ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात छापलं आहे. चाळिशीच्या एका बाईनं असाच तेल-लिंबाचा उपाय केला, गोळे पडले, तिनं ते फ्रीजमध्ये ठेवून डॉक्टरांकडे आणले. तपासले तर त्यात ना कोलेस्टेरॉल, ना पित्ताचा रंग, ना चुना. चाळीस अंशांवर दहा मिनिटांत वितळून हिरवं तेल. प्यायलेल्या तेलाचा आणि लिंबाचा पोटातच साबण बनला होता. त्या बाईचे खरे खडे पित्ताशयातच होते, ते पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं काढले. मोठ्या आईच्या पोटातलेही जागच्या जागी होते, फक्त जागचे हलायच्या बेतात. एवढं तेल एका वेळी पोटात गेलं की पित्ताशय जोरानं आकसतं. अकरा मिलिमीटरचा खडा मोठा म्हणून आतच राहतो. धोका बारक्यांचा असतो. ते निसटून पित्तनलिकेत उतरतात आणि तिथे बूच बसतं.

मेच्या शेवटी तिचे डोळे पिवळे झाले, लघवी हळदीच्या पाण्यासारखी. तिनं तुम्हाला फोन केला. ती मला नंतर जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो : "त्यायनं सांगतलं, उष्णता बाहेर पडून रायली, भेऊ नको. संडास पांढरी होते म्हटलं, तर म्हणे, पोट साफ होऊन रायलं."

संडास पांढरी होते! अहो, चरकसंहितेत कामलेच्या, म्हणजे काविळीच्या, वर्णनात हे लिहून ठेवलं आहे. तिळाच्या वाटणासारखा मळ होऊ लागला की पित्ताचा मार्ग रोधला गेला असं समजावं. मळाला रंग पित्तामुळे येतो, पित्त आतड्यात उतरलंच नाही तर रंग कुठून येणार? फोनवर ऐकूनही जो ओळखेल असं हे लक्षण आहे. त्या क्षणी तुम्ही 'दवाखान्यात जा' एवढं म्हटलं असतं तरी हे पत्र वेगळं झालं असतं. तुम्ही म्हणालात, दोन पुड्या वाढव.

तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला आणि वेदना पोटातून पाठीत शिरली. मुलानं रात्री गाडी करून वर्ध्याला नेलं. पित्तनलिकेत खडा अडकलेला, स्वादुपिंडाला सूज, रक्तात जंतू. तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढला. ती वाचली. सतरा दिवस खाटेवर होती. सहाव्या-सातव्या दिवशी तोंडाला पाण्याचा फडका लावताना तिनं मला विचारलं, "खडे पडले होते ना रे बाप्पा, मंग हे कायचं?" मला उत्तर देता आलं नाही. पुढे महिना-दीड महिन्यानं पित्ताशय काढलं. तीन बारीक छिद्रं, दोन दिवसांत घरी. ज्या शस्त्रक्रियेच्या भीतीनं ती तुमच्याकडे आली होती, ती एवढीच होती.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट मीच सांगतो, कारण ती खरी आहे. पित्ताशयात खडे निघालेल्या बहुतेकांना त्यांचा आयुष्यात त्रास होत नाही. दुखत नसेल तर सर्जनही सहसा काढायला सांगत नाहीत, लक्ष ठेवायला सांगतात. तुमची पुष्कळ गिऱ्हाइकं ठणठणीत आहेत ती म्हणूनच. त्यांना पुडी नसती दिली तरी ती तशीच राहिली असती. लहान, चुना न धरलेले कोलेस्टेरॉलचे खडे विरघळवणारी गोळीही आहे. पण ती महिनोन्‌महिने घ्यावी लागते, निवडक रोग्यांनाच चालते आणि बंद केल्यावर पाच वर्षांत निम्म्यांचे खडे परत होतात. हे सगळं सांगून मग रोग्यानं जे ठरवायचं ते ठरवावं. आणि हेही खरं की मोठी आई तुमच्या टेबलाशी अर्धा अर्धा तास बसायची. तुम्ही तिचं ऐकून घ्यायचात, सुनेचं, गुडघ्याचं, पावसाचं. आम्ही दवाखान्यातली माणसं पाच मिनिटांत 'सर्जनला दाखवा' म्हणून मोकळे होतो. तिची भीती मी त्या दिवशी विचारली असती, तर ती बाजाराकडे वळलीच नसती. ही बोच माझी आहे, ती तुमच्या पदरात घालत नाही.

फलकावर तुम्ही बापूंचं चित्र लावलं आहे, खाली 'नैसर्गिक चिकित्सा'. सेवाग्राम इथून तासाभराच्या आत आहे, म्हणून निदान या जिल्ह्यात तरी हे करू नका. मातीच्या पट्ट्यांवर आणि उपवासावर श्रद्धा असलेला तो माणूस येरवड्याच्या तुरुंगात आंत्रपुच्छाच्या दुखण्यानं आजारी पडला, तेव्हा १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात इंग्रज सर्जनच्या हातून शस्त्रक्रिया करून घेतली. मधेच वीज गेली, कंदिलाच्या उजेडात ती पुरी झाली. पुढे त्याच माणसाच्या सेवाग्रामात कस्तुरबांच्या नावानं रुग्णालय उभं राहिलं, १९६९ साली तिथे वैद्यकीय महाविद्यालय आलं. आयुर्वेदच हवा असेल तर वर्ध्याजवळ सालोडला आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे केसपेपरवर औषधाचं नाव लिहून मिळतं.

१९५४ साली देशानं औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही, अशा ५४ आजारांची यादी त्याला जोडली आहे. पित्ताशय, मूत्रपिंड आणि मूत्राशयातले खडे त्या यादीत आहेत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तुमचा फलक रस्त्यावरून वाचता येतो. अर्ज मी लिहिला आहे, सोबत वर्तमानपत्रातली एक पुडी बांधून ठेवली आहे आणि त्या डबीतले उरलेले गोळेही, फ्रीजमध्ये.

तो अर्ज जायचा तिथे जाईल. हे पत्र वेगळ्या कारणासाठी. मोठी आई आता हिंडती-फिरती आहे. बाजाराच्या दिवशी ती भाजी घ्यायला येते, पण तुमच्या टेबलाच्या बाजूनं येत नाही, मागच्या गल्लीनं वळसा घालून येते. तिला लाज वाटते. आपलं नाव तिथे लागलेलं आहे, आपल्याकडे पाहून आणखी कुणी पुडी घेत असेल, असं ती म्हणते. लाज तिला का वाटावी, ते तुम्ही मला समजावून सांगा.

पुढच्या बाजारी मी तिला घेऊन तुमच्या टेबलाशी येणार आहे. तिचा कागद काढून ठेवा. वरचं प्लास्टिक फाडा आणि घडी उलगडून द्या, मधल्या ओळी दिसतील अशी.

देवळीचा एक वैद्य